ताग्याची हाक

हौदातलं पाणी संथ होईपर्यंत कारखान्यात कुणी पाऊल वाजवायचं नाही, हा सासऱ्यांचा दंडक. म्हणून कालिंदी दुपारचं जेवून तिथेच, हौदाच्या कडेला चटईवर आडवी झाली आहे. क्योतोतल्या या लांबट लाकडी घरात दुपारी कुणी झोपत नाही. वामकुक्षी ही तिने एकटीने वाईहून आणलेली चीज. झोप मात्र काही लागत नाही. ती या कुशीवरून त्या कुशीवर होते आणि पुन्हा या कुशीवर येते. हौदातल्या पाण्यात खळ कालवली आहे. ते संथ झालं की त्यावर शाईचे थेंब सोडायचे, फुंकर घालून त्यांच्या लाटा करायच्या, आणि रेशमाचा तागा दोघांनी दोन टोकं धरून अलगद पाण्यावर टेकवायचा. पाण्यावरची नक्षी कापडावर उतरते. काम एवढंच. घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेलं, आणि सासरे गेल्यापासून एकदाही धड न झालेलं.

धड होत नाही ते हवेमुळे. तागा टेकताना दोन टोकं किंचित पुढेमागे झाली की खाली हवा अडकते आणि तिथे पांढरा ठिपका राहतो. या घरात त्याला 'डोळा' म्हणतात. "कापडाला डोळे आले," असं कालिंदी मराठीत पुटपुटते, तेव्हा नवऱ्याला, म्हणजे शिन्याला, त्यातली गंमत कळत नाही. आणि हल्ली तिलाही हसू येत नाही. शिन्या हे त्याचं खरंखुरं, आईबापांनी ठेवलेलं नाव. लग्न ठरलं तेव्हा वाईची मावशी म्हणाली होती, "अगं, होणारा नवरा तो. निदान शिनराव तरी म्हण!" हा शिनराव कंपनीतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी ताग्याचं दुसरं टोक धरतो. आज सकाळी त्याने सांगून टाकलं, की हाही तागा बिघडला तर हौद मोडायचा. रागाने म्हणाला असता तर ती भांडली असती. तो दमून म्हणाला.

उशाशी परात आहे, शाई पारखण्यासाठी खळीचं पाणी घेतलेली. तिच्यात सोडलेले शाईचे थेंब आपापले पसरतायत, एकात एक वर्तुळं होतायत. ती बघता बघता कालिंदीच्या पापण्या जड होतात.

"सेनो!"

ती दचकून उठते. तिच्या हातात ताग्याचं टोक आहे, ओलं आणि जड. दुसऱ्या टोकाला ओतोसान उभे आहेत. ओतोसान म्हणजे बाबा. सासऱ्यांना ती हेच म्हणायची. अंगात तोच शाईने माखलेला अंगरखा, एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा. गेलेला माणूस समोर उभा आहे याचं तिला नवल वाटत नाही. कापड जमिनीला लागेल याचीच धास्ती वाटते.

"कारिंदी, माझी दुसरी चप्पल बघितलीस का गं?" तिच्या नावातला 'ल' त्यांना जन्मभर जमला नाही, तो अजूनही जमत नाही. पण बोलतायत मात्र स्वच्छ मराठी, मेणवलीच्या रस्त्यावर भेटणाऱ्या एखाद्या आजोबांसारखं.

"ओतोसान, आधी कापड नीट धरा. खाली टेकतंय."

"धरलंय की!" असं म्हणून ते टोक घेऊन चालू लागतात.

तिला मागोमाग जावंच लागतं. हौदाची कड संपते आणि पायाखाली घाटाच्या पायऱ्या येतात, शेवाळलेल्या, वाईच्या. बायका धुणं आपटतायत. कालिंदी तागा त्यांच्या डोक्यावरून उंच धरते, "जरा वाका हो," म्हणत घसरत उतरते. ओतोसान प्रत्येक पायरीवर वाकून चप्पल शोधतायत.

"खळ तीच आहे, शाई तीच आहे," ती मागून ओरडते. "मग डोळे का पडतात?"

"चहा झाला का गं?"

"चहाचं मरू दे! सांगा ना."

नदीत उतरायच्या ऐवजी ते एक दार सरकवतात. आत दवाखान्याचा पांढरा बोळ आहे, त्यांच्या शेवटच्या दिवसांतला. फडताळात रांगेने सपाता ठेवल्यायत, सगळ्या एकसारख्या. ओतोसान एकेक काढून पायाला लावून बघतात. तागा बोळभर ताणला गेलाय, त्यातून पाणी ठिबकतंय, कालिंदीचे खांदे भरून आलेत. खाली ठेवायला कुठे कोरडी जागा नाही.

आता मात्र तिला रडू फुटतं. "काही न सांगता गेलात तुम्ही! तुमचं घर, तुमचा हौद, तुमचा मुलगा तो मोडायला निघालाय, आणि झोप माझी उडालीय. मी कोण लागते या शाईची? सांगून जायचं होतं ना काहीतरी!"

ओतोसान हातातली सपाता खाली ठेवतात.

"तागा सोडताना हाक कोण देतं?"

"शिन्या. तुमच्यासारखंच, सेनो म्हणतो."

"मग तू काय म्हणतेस?"

'सेनो' म्हणजे 'चला, लावा हात'. दोघांनी मिळून काही उचलताना इथे सगळेच म्हणतात. लग्नाआधी पुण्यात ती स्वतः जपानी शिकवायची, तिला हा शब्द काय माहीत नव्हता? पण नव्या घरात पहिल्या दिवशी कान माहेरचेच होते. ओतोसान ओरडले "सेनो!", आणि तिला ऐकू आलं, "सुने, ओ!" सासरे हाक मारतायत म्हणून तिने अदबीने ओ दिली, "आले!" चूक कळल्यावर म्हातारा खो खो हसला होता. तेव्हापासून कारखान्यात तीच रीत पडली. ते म्हणायचे सेनो, ती म्हणायची आले, आणि तागा पाण्यावर टेकायचा.

"ते मी तुम्हाला म्हणायचे," ती म्हणते. "आता कुणाला म्हणू?"

"मी तुझ्या 'आले'वर हात खाली न्यायचो गं."

"माझ्या?"

"माझी हाक नुसती हाक होती. 'आले' म्हणताना तू श्वास सोडायचीस आणि त्याबरोबर तुझे हात उतरायचे. मी तेवढं ऐकायचो. शिन्या बिचारा काय ऐकणार?"

"मला वाटायचं, तुम्ही मला शिकवताय."

"मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं." ते जवळ येतात. तागा कुठे गेला ते कळत नाही. ते तिचा उजवा हात धरतात, त्यांची बोटं गार आहेत. "कोरडा पडलाय हात," ते म्हणतात, आणि अगदी हळू, कानाशी, "सेनो."

कालिंदी तोंड उघडते.

हौदावर दुपारचं ऊन तिरपं आलंय. तिचा उजवा हात मनगटापर्यंत परातीत पडलाय. ती तो उचलून बघते. बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत शाईची बारीक वर्तुळं उमटली आहेत, एकात एक. तळव्याच्या मधोमध, जिथे खळगा असतो आणि हवा हमखास अडकते, तिथेही नक्षी सलग आहे. डोळा एकही नाही.

शिन्या मोजे घातलेल्या पायांनी आवाज न करता दारात येऊन उभा राहतो. "पाणी झालं संथ?"

"झालंय."

तो तिच्या हाताकडे बघतो. दोघं शाई सोडतात, फुंकर घालतात, तागा उचलतात. शिन्या म्हणतो, "सेनो," आणि सवयीने लगेच हात खाली न्यायला लागतो.

"थांब. मी ओ देईपर्यंत थांबायचं. पुन्हा हाक मार."

तो बुचकळ्यात पडतो, पण थांबतो. पुन्हा म्हणतो. या वेळी त्याचा आवाज बापासारखा येतो, की तिलाच तसा वाटतो, कोण जाणे. कालिंदी श्वास सोडते, आणि त्याबरोबर तिचे हात उतरू लागतात.

"आले," ती म्हणते.