काळूरामकाकांचं दार

खाडीकाठच्या मोरव्यात आमची बिल्डिंग जिथे उभी आहे तिथे एकेकाळी काळूराम घरतांचं भातशेत होतं, आणि ही गोष्ट ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवतातच. आता ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. मी सोसायटीची सेक्रेटरी. आपल्या पाडलेल्या जुन्या घराचं सागवानी दार त्यांनी मीटर रूममध्ये उभं करून ठेवलं होतं, ते हलवा म्हणून मी त्यांना तीन नोटिसा दिल्या. तिन्ही त्यांनी चष्मा लावून वाचल्या आणि घडी करून खिशात ठेवल्या. दार जागेवरच राहिलं.

आम्ही तळमजल्यावर राहतो. मी, माझा नवरा समाधान आणि सासूबाई, भीमाबाई. आम्ही मूळचे परभणीकडचे, पाण्याची वाट बघण्यात जन्म गेलेले. इथे ते न बोलावता घरात येतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, भर दुपारी खाडीचं पाणी नाल्यातून उलटं चढतं आणि आमच्या मोरीतून आत शिरतं. सासूबाई गोधड्या मांडीवर घेऊन पलंगावर बसून राहायच्या. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात वीस वर्षं पॉलिश करून त्यांनी हे घर घेतलं होतं. समाधान एका उधाणानंतर म्हणाला, "आई, आता विकू या हे." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

सोसायटीने पंप आणला. पंप पाणी खाडीत टाकायचा, खाडी ते परत पाठवायची. मीटिंगमध्ये काका उठून म्हणाले, "उघाडी पायजे."

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"नाल्याच्या तोंडाला दार. खाडीच्या अंगाला, वरनं टांगलेलं. भरती आली का तिचंच पानी त्याला दाबून मिटवतंय. ओहोटी लागली का आतलं पानी त्याला ढकलून उघडतंय. वीज नको, मानूस नको. माझ्या बानं अशी चार बसवली व्हती, तवा या खाऱ्या जागेत भात पिकला."

कुणी हसलं, कुणी मोबाइल काढला. मीही मिनिट्समध्ये एवढंच लिहिलं, की एका सभासदांनी सूचना केली.

दुसऱ्या दिवशी मीटर रूममधलं दार नव्हतं. काका पार्किंगमध्ये बसून ते कापत होते. आठ दिवस कापणं, तासणं, कडेला जुन्या टायरची पट्टी ठोकणं चाललं. मग ओहोटी बघून दोन माणसं हाताशी घेतली आणि कुंपणामागे नाल्याच्या तोंडाशी दार बसवलं. चौकट खालून थोडी पुढे कललेली होती. मी म्हटलं, "काका, वाकडं बसलंय." ते म्हणाले, "सेक्रेटरीबाय, ते वाकडंच बसतंय."

अमावस्येला मी अर्धी सुट्टी टाकून अकराच्या सुमारास घरी आले. बघते तर दार घट्ट मिटलेलं आणि आत आमच्याच सांडपाण्याचं तळं होऊ लागलेलं. माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्याने नाल्याला बूच मारलंय, असंच वाटलं. वॉचमन चंदनला हाक मारली. तो म्हणाला, "मॅडम, काका ने हाथ लगाने से मना किया है." मी म्हटलं, "सेक्रेटरी काका हैं के मैं?" दोघांनी मिळून दार ओढलं आणि कपड्यांच्या दोरीने कुंपणाला बांधलं.

तासाभरात खाडी घरात. नेहमीपेक्षा वीतभर जास्तच.

काका आले, दोरी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. "गाठ बाकी चांगली मारलीस," एवढं म्हणून त्यांनी ती सोडवली.

संध्याकाळी मीटिंगमध्ये सगळे त्यांच्यावर तुटून पडले. "ते लाकूड काढून फेका," असा सगळ्यांचा धोशा. काका खाली बघत म्हणाले, "माझंच काय तरी चुकलं असंल." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. चंदन दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. मला इतकी लाज वाटली, की मी उभी राहिले आणि सांगून टाकलं. "दार मिटलं होतं. मी बांधून उघडं ठेवलं." समाधानने कपाळावर हात मारला. "अजून एक पौर्णिमा द्या," मी म्हटलं, "नाही जमलं तर मी स्वतः काढते, आणि घरही विकते."

पौर्णिमेला मी पूर्ण रजा घेतली. काका आणि मी नाल्याशी बसलो, सासूबाईही खुर्ची घेऊन आल्या. पाणी चढायला लागलं. कुणीही हात न लावता दार हललं, मागे सरकलं आणि चौकटीला जाऊन टेकलं. बाहेर खाडी चढतच राहिली, आत साठलं ते फक्त आमचंच सांडपाणी, मोरीच्या बरंच खाली. पाणीच पाण्याला अडवतंय आणि मधे एक जुनं दार, बस्स. मला कौतुकाने भरून आलं. त्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये मी हे एका ओळीत उरकलं होतं, त्याचं फार वाईटही वाटलं.

सासूबाई थोडा वेळ बघून उठल्या आणि घरी गेल्या. आम्ही थांबलो. चारच्या सुमारास ओहोटीला दार आपोआप उघडलं, तुंबलेलं पाणी भळाभळा निघून गेलं, आणि काकांनी दिवसातली पहिली विडी पेटवली.

मी घरी आले. सासूबाई गाढ झोपल्या होत्या. पलंग रिकामा होता. खाली फरशीवर गोधडी अंथरून, पाय लांब सोडून, उधाणाच्या दिवशी.

धावत दुसऱ्या मजल्यावर जाऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, "भीमाबाय? खाली?"

"खाली. फरशीवर."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "पुन्हा सांग."

हल्ली ते शेताची गोष्ट क्वचितच काढतात. ही मात्र दिवसातून एकदा सांगतात, आणि मी जवळपास असले तर मलाच सांगायला लावतात.