खलित्यातली लिफ्ट

बारक्या,

नवा खलिता मिळाला. पाकिटावरचं तिकीट वाकडं आहे, म्हणजे अजून तूच चिकटवतोस. गेले दोन ऋतू त्यात तुझं काही पाण्यात पडलेलं नाही, हे बघून बरं वाटलं. पण तुझी हकीकत एकदा कोणीतरी धड लिहायला हवी. तुझ्या बायकोवर सोपवली तर ती तुला पुन्हा कशाला तरी टेकवून झोपवेल. आणि तुला समोर बसवून सांगायला गेले तर दर वाक्याला ‘तसं नव्हे ताई’ करशील. तेव्हा आता गप्प बस. इथून पुढे तू ‘तो’.

तर तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. पाळण्यात होता तेव्हा त्याचं नाव बारक्या पडलं. आता तो दारात उभा राहिला की खोलीत दिवा लावावा लागतो, पण नाव बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. नोकरीभर त्याने लिफ्टा तपासल्या. सरकारी तपासनीस होता. वर चढून दोर बघायचा, खाली खड्ड्यात उतरायचं, दार पुन्हा पुन्हा उघडायचं, लावायचं, आणि मग सही करायची. त्याची सही झाली तरच लिफ्ट चालायची. मोठमोठे बिल्डर ‘साहेब, साहेब’ करत मागे फिरायचे आणि हा ‘दार घासतंय’ एवढं म्हणून टॉर्च खिशात टाकून निघून यायचा. गर्व म्हणाल तर त्याला या एकाच गोष्टीचा. जन्मभर वर-खाली केलेला हा माणूस आडवं कुठे जायचं म्हटलं की आधी परतीची गाडी विचारायचा. आणि बायको मिळाली कादंबरीकार, जिचा पाय घरात ठरत नाही.

माझी ही भावजय दर ऋतूला आपल्या वाचकांना एक छापील पत्र पाठवते. अर्ध्या पत्रात कुटुंब कुठे फिरून आलं ते असतं, अर्ध्यात पुढे कुठली पुस्तकं येणार ते. ती त्याला ऋतुपत्र म्हणते. आम्ही खलिता म्हणतो. पुस्तकांची बाजू लोक नुसती चाळतात. वाचतात ती प्रवासाची, कारण तिच्यात ‘आमचे हे’ असतात. आमचे हे संग्रहालयात दगडी सिंहाला टेकून घोरतात. आमचे हे चुकीच्या बसमध्ये चढतात आणि परक्याच कुटुंबाबरोबर अर्धं शहर बघून येतात.

पूर्वी ती परत आल्यावर लिहीत असे. मग छापखानेवाला कुरकुरायला लागला, की ऋतू सरला की माझ्याकडे परीक्षांचे पेपर येतात, तुमचं तेवढं आधी द्या. आधी म्हणजे किती आधी, तर प्रवासाला निघण्याच्याही आधी. भावजय डगमगली नाही. “गाव ठरलंय, हॉटेल ठरलंय, माणसं तीच,” ती म्हणाली. “वेगळं असं काय घडणार आहे?”

आता ती खोटं लिहीत नाही. म्हणजे तिचं तसं म्हणणं. “मी खोटं लिहीत नाही, फक्त लवकर लिहिते.” तेव्हा जे छापून गेलं ते घरी परतेपर्यंत घडवून आणायचं, अशी रीतच पडली. एका खलित्यात होतं, की नावेत वाऱ्याने यांची टोपी उडाली. तळ्यावर गेले तर झाडाचं पान हलेना. नावाडी वल्ही मारून घामाघूम झाला. शेवटी त्यांची लेक कुजबुजली, “बाबा, टाका ना हळूच. काठ आल्यावर काय उपयोग?” बारक्याने टोपी काढली, आत घामासाठी ठेवलेलं फडकं खिशात घातलं आणि टोपी पाण्यात सोडली. ती बुडेना. इमानी कुत्र्यासारखी नावेच्या मागे मागे काठापर्यंत आली. नावाड्याने उचलून, पिळून, अदबीने हातात दिली. त्याला कोण समजावणार? दुसऱ्यांदा टाकावी लागली.

वाणी अजून विचारतो, “काय काका, लागली का टोपी तळाला?” बारक्या हसतो. त्याने आजवर ब्र काढला नव्हता.

आणि मग गेला हिवाळा. स्टेशनवरच्या पेटीत खलित्यांचा गठ्ठा त्याने स्वतःच्या हाताने टाकला. त्यात त्याच्या जुन्या कचेरीतले पत्तेही होते. ते त्यानेच यादीत घुसवलेले, बायको लेखिका आहे हे सगळ्यांच्या लक्षात राहावं म्हणून. तिथला हेडक्लार्क मधल्या सुट्टीत खलिता मोठ्याने वाचून दाखवतो, हे तो मला दर वेळी नव्याने सांगत असे.

गाडी सुटली. लेकीने ठेवून घेतलेली प्रत काढली. पुढचे चार दिवस आपल्याला काय काय होणार आहे, ते हे लोक गाडीत वाचतात.

“पहिल्या दिवशी आईची चप्पल तुटते,” लेक म्हणाली.

“जुनीच घातलीय मी,” भावजय म्हणाली.

“दुसऱ्या दिवशी मी हरवते आणि घड्याळाच्या दुकानात सापडते. चालेल. तिसऱ्या दिवशी...” ती थांबली. “बाबा, तुम्ही लिफ्टमध्ये अडकता.”

“मी?”

“हॉटेलच्या. आणि...”

“वाच.”

“‘जन्मभर लोकांच्या लिफ्टा तपासणारे आमचे हे दोन मजल्यांच्या मध्ये लटकले मात्र, आणि मला बाहेर काढा हो, असा काही टाहो फोडला, की तळमजल्यावरचा स्वयंपाकी हातातल्या झाऱ्यासकट धावत आला.’”

समोर बसलेली अनोळखी बाई खुदकन हसली. तेच हसू बारक्याला हेडक्लार्कच्या टेबलाभोवती ऐकू आलं.

“हे पोस्टात गेलं?” त्याने विचारलं.

“तुम्हीच नाही का टाकलंत?” भावजय म्हणाली आणि पुस्तकांच्या बाजूकडे वळली. तिथे तिचं दुखणं वेगळं होतं. एका पहारेकऱ्याची कादंबरी ती तीन ऋतू ‘पूर्ण होत आली आहे’ म्हणून छापत होती. मालकाचा धाकटा भाऊ, ज्याला पहारेकऱ्याने अंगाखांद्यावर खेळवलेलं, तो मालकाच्या पाठीमागे माल काढायला येतो. फाटक उघड म्हणून पाया पडतो. आजवर त्याचा एक शब्द खाली न पडू देणारा पहारेकरी फाटक उघडत नाही. का उघडत नाही, हे लेखिकेलाच ठाऊक नव्हतं. जुना अपमान म्हणून बघितलं, प्रेमभंग म्हणून बघितलं. काही बसेना.

हॉटेल जुनं होतं आणि लिफ्ट त्याहून जुनी. जाळीचं दार, पितळेची बटणं, कोपऱ्यात लिफ्टमनचं स्टूल. बारक्या तिच्या प्रेमात पडला. दोन दिवस तो काही कारण नसताना वर-खाली करत होता. लिफ्ट लोण्यासारखी चालत होती. चप्पल तुटली, लेक हरवली, सापडली. तिसरा दिवस उजाडला.

लिफ्टमन जेवायला गेलेला बघून भावजयीने दोघांना आत घेतलं. जाळी ओढली. लिफ्ट हलल्यावर लाल बटणाकडे बोट दाखवून म्हणाली, “हं, दाबा.”

“काय?”

“अडकायचंय ना आपल्याला? दोन मिनिटं थांबवा आणि ओरडा. फार नको, स्वयंपाकघरापर्यंत गेलं म्हणजे झालं.”

“नाही.”

तिला वाटलं, इथे नाही. “मग चौथ्या मजल्यावर?”

“कुठल्याच मजल्यावर नाही.”

“बाबा, असं काय करता?” लेक म्हणाली. “टोपी नाही का टाकलीत?”

“टोपी माझी होती. लिफ्ट माझी नाही.”

“मग मीच दाबते,” भावजय पुढे सरसावली. बारक्या बटणाला पाठ लावून उभा राहिला. एकदा तो उभा राहिला की त्याच्या आजूबाजूने हात घालायला जागा नसते. लिफ्ट वर गेली. एक जोडपं चढलं, तेवढ्यापुरतं भांडण थंडीवर आलं. जोडपं खाली उतरलं, भांडण पुन्हा बटणावर आलं.

“दोन मिनिटांनी कोण मरतंय, अहो?”

“कोणी नाही मरत. तरी नाही.”

“पण का?”

बारक्याने विचार केला. “का म्हणजे... उगाच थांबवत नाहीत लिफ्ट.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“सगळ्या वाचकांपुढे मला खोटी पाडताय तुम्ही!”

“आणि तू मला?”

लिफ्ट तळाला टेकली. कोणी दार उघडेना.

“टोपी तळ्यात पाड, बसमध्ये चुकव, सिंहाला टेकून झोपव,” बारक्या म्हणाला. “मी कधी बोललो? पण लिफ्टमध्ये मी ओरडत नाही गं. कचेरीत वाचतात ते.”

लेक उगाचच मजल्यांचे आकडे बघत राहिली. भावजयीने खाडकन जाळी सरकवली आणि तुटकी चप्पल फरफटवत जिन्याने वर गेली. मधे थांबून तिने वरूनच बारक्याचा जो उद्धार केला, तो इतका खणखणीत होता की तळमजल्यावरचा स्वयंपाकी खरोखरच बाहेर आला. हातात झारा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलावर ती एकदम म्हणाली, “अहो, त्या पहारेकऱ्याने फाटक का उघडलं नसेल?”

बारक्या पावाला लोणी लावत होता. अजून घुश्श्यातच होता. “फाटक त्याचं होतं का?”

“नाही.”

“मग?”

ती त्याच्याकडे बघत राहिली, इतका वेळ की त्याला वाटलं ओठाला लोणी लागलंय. “एवढ्यावर कादंबरी संपत नाही,” ती म्हणाली, आणि लेकीच्या पर्समधून पेन ओढून घेतलं.

एवढ्यावरच संपली. पुढच्या खलित्यात तिची जाहिरात होती, आणि तळाशी, बारीक टायपात, भावजयीच्या कारकिर्दीतली पहिली दुरुस्ती होती: ‘मागील पत्रात आमचे हे लिफ्टमध्ये ओरडले असे म्हटले होते. ते ओरडले नाहीत. मी ओरडले.’

हेडक्लार्कने मधल्या सुट्टीत ती दोनदा वाचली म्हणे. आणि वाचकांची पत्रं सुरू झाली. लेखिकेला नव्हेत, यांना. आमची लिफ्ट हिसका देते, आमचं दार घासतं, साहेब एकदा नजर टाकाल का? साहेब निघाले. आडवं जायचं म्हटलं की आधी परतीची गाडी विचारणारा माणूस आता टॉर्च आणि हातमोजे घेऊन गावोगाव हिंडतो, वाचकांच्या घरी पाहुणचार झोडतो. भावजय घरात बसून लिहिते आणि फोनवर विचारते, “आज कुठे आहात?”

झालं. आता तू पुन्हा ‘तू’.

बारक्या, या खलित्यात तिसऱ्या परिच्छेदात छापलंय, की ‘आमचे हे थोरल्या बहिणीकडे गेले, तिच्या इमारतीतल्या लिफ्टचं अडणारं दार पाहिलं, सरळ करवून घेतलं आणि तिच्या हातची कॉफी पिऊन आले’. आलास कुठे अजून? ते दार मी तुला दाखवलं, तेव्हा तू नोकरीत होतास. ‘बघतो ताई’ म्हणाला होतास. त्या वेळी मी जिना एका दमात चढत असे. आता दोनदा टेकते, आणि खालची शेजारीण हात धरायला येते, ते मला मुळीच खपत नाही.

कॉफीचा डबा आणून ठेवला होता. तो आता मीच फोडलाय. राहिलं फक्त दार.