अँटेनाची दांडी

भाईंदरला आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहायचे. जिथे उभे राहतील तिथलं काहीतरी हलवून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. कधी जिन्याचा कठडा, कधी माझ्या स्कूटरचा आरसा. "ढिला वाटतोय हो," एवढंच बोलून वर जायचे.

केबल आल्यावर आमचा अँटेना निकामी झाला होता. त्याचे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पाइप जोडून मला कपडे वाळत घालायला दांडी करायची होती. वेल्डिंगवाला नाही म्हणाला.

"त्याला कशाला विचारता? मी आहे ना," म्हणत काका ड्रिल घेऊन आले. त्यांनी दोन्ही पाइपांच्या तोंडांत एक घट्ट बसणारा बारीक पाइप ठोकला, भोकं पाडून रिव्हेट मारले आणि दांडी छताच्या हुकांना टांगली.

"काका, ओल्या चादरी पेलेल ना?" बायकोने विचारलं.

काका पाय दुमडून दांडीला लटकले.

एक हुक प्लास्टरसकट बाहेर आला आणि काका दांडी घेऊन खाली बसले. केसांत चुना पडला होता. मी धावलो, तर ते जोडावरून अंगठा फिरवत होते.

"जरासुद्धा हललेला नाही," ते समाधानाने म्हणाले. "आता मला उठवा."