हायाशी-सानच्या वडिलांचं रडार

हायाशी-सान गेल्याचा फोन आला तेव्हा मी कावासाकी स्टेशनवर उभी होते. त्यांच्या भाचीनं हळू आवाजात सांगितलं, "मावशी झोपेतच गेली." माझी गाडी आली, गेली... मी तिथेच.

नवऱ्याच्या नोकरीमागे पुण्याहून इथे आले आणि मासेमारी बोटींची रडार बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले, तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेल्या हायाशी-सान तिथे सल्लागार म्हणून येत. माझं मोडकंतोडकं जपानी न कंटाळता ऐकावं तर त्यांनीच. एकदा डबा खाताना मी विचारलं, "तुमच्या काळी बायका या क्षेत्रात नव्हत्या ना? मग तुम्ही कशा आलात?"

"बाबांना शोधत," त्या म्हणाल्या.

वडील नौदलात इंजिनीअर. महायुद्धात जर्मनांचं रडार शिकायला पाणबुडीतून युरोपात गेले, तेव्हा हायाशी-सान आईच्या पोटात होत्या. परतीच्या वाटेवर पाणबुडी बुडाली. आई जन्मभर चिडून म्हणत राहिली, "त्यांना मशीन हवं होतं, आपण नाही." बाबांनी एवढं काय पाहिलं त्या मशीनमध्ये, हेच हायाशी-सानना समजून घ्यायचं होतं.

पुढे कामासाठी आम्ही दोघी जर्मनीला गेलो, तेव्हा हट्टानं त्यांनी मला एका संग्रहालयात नेलं. तिथे ते युद्धातलं रडार होतं. माणसाच्या दुप्पट उंचीची धातूची थाळी. शत्रूची विमानं हेरून तोफांना नेम दाखवणारी. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "किती माणसं मेली असतील हिच्यामुळे..." मग दोरीपलीकडे वाकून त्यांनी थाळीवर तळवा टेकवला. "बाबांचा हात इथे लागला असेल का हो?"

 तिथला माणूस रागवायला म्हणून आला, पण त्यांचा चेहरा बघून थांबला. युद्धानंतर अशा काही थाळ्या खगोलशास्त्रज्ञांनी नेल्या, आकाशातून येणारे रेडिओ तरंग टिपायला, असं त्यानं सांगितलं. हायाशी-सान रडता रडता हसल्या. "म्हणजे नंतर बरं काम मिळालं हिला. आईला हे कळायला हवं होतं."

कंपनीच्या चाचणीच्या खोलीत संध्याकाळी त्या रडारच्या पडद्यासमोर बसायच्या. खाडीतून एखाद्या बोटीचा ठिपका बंदराकडे वळला की, घरी परतलेल्या माणसाला म्हणतात तसं, हळूच म्हणायच्या, "ओकाएरी." आता त्या खुर्चीत कुणी बसत नाही. काल निघताना मी क्षणभर थांबले. एक ठिपका आत वळत होता... माझ्याही तोंडून आपसूक निघालं, "ओकाएरी."