पाठ केलेला कोंबडा घेऊन बोळिंज ते गिरीज

लोक मे महिन्यात महाबळेश्वरला जातात. आम्ही बोळिंजहून गिरीजला गेलो, तेही शाळा शोधायला. तुमच्या घरी आमच्यासारखं मूल असेल तर पुढचं वाचा. निदान आमच्या चुका तुम्हाला फुकटात मिळतील.

आमची मुक्ता नऊ वर्षांची. बंद पडलेला मिक्सर खोलून चालू करते, मोठमोठे गुणाकार तोंडी सांगते. पण 'आज शनिवार आहे' एवढं वाचायला तिला अख्खा शनिवार पुरत नाही. मुंबईच्या सरकारी इस्पितळात तपासलं, तर डिस्लेक्सिया निघाला. बुद्धी दोन इयत्ता पुढे, वाचन दोन इयत्ता मागे. सरासरी काढली तर पोरगी बरोबर आपल्या वर्गात बसते. पण तिच्या शाळेनं सरासरी न काढता थेट दाखलाच काढला. "जूनपासून दुसरीकडे बघा," म्हणाले. मुक्तानं घरी येऊन विचारलं, "बाबा, मी ढ आहे का?" दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि स्कूटरची टाकी भरली.

निघण्याआधी मात्र आम्ही नवराबायकोनं नको ती हुशारी केली. शेजारच्या काकांनी खात्रीची बातमी आणली होती की नालासोपाऱ्याच्या शाळेत चाचणीला कोंबड्याचा धडा वाचायला देतात. आमच्यासारख्या नोकरदारांना पेपर फुटल्याचा आनंद बोनसपेक्षा मोठा. हिनं तो धडा दोनदा वाचून दाखवला आणि मुक्ताला तो मुखोद्गत झाला. ओळीखालून बोट कसं सरकवायचं याचीही आम्ही तालीम घेतली.

मुक्ताला मागे बसवून मी निघालो. बोळिंज ते नालासोपारा वीस मिनिटं, पण रस्ता खणलेला असतोच, तेव्हा तीस धरा. मुख्याध्यापकांनी पुस्तक उघडून दिलं. मुक्तानं बोट टेकवलं आणि सुरू झाली. आवाज खणखणीत, स्वल्पविराम जागच्या जागी. माझी छाती फुगली. कोंबडा आरवला, गाव उठलं, धडा संपला. सरांनी चष्मा काढून पुसला.

"वाचन फारच छान," ते म्हणाले. "फक्त मी पोस्टमनचा धडा दिला होता. यात कोंबडा कुठेच नाही."

बाहेर येऊन वडापाव खाल्ला. पाच रुपयांना एक, चटणी झणझणीत, जरूर खा. मुक्ता म्हणाली, "पण मी एकही चूक नाही केली ना, बाबा?" नाही म्हणालो. चूक तिची नव्हतीच.

दुसरी शाळा निर्मळच्या वाटेवर. इमारत टोलेजंग, पार्किंग उत्तम. खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, "हुशार मुलांची तुकडी वेगळी, कच्च्या मुलांची वेगळी. तुमची कुठली?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"मग दोन फॉर्म घ्या. पन्नास आणि पन्नास, शंभर सुट्टे द्या."

तिथून सटकलो. राहिली गिरीजची शाळा. तिचा पत्ता इस्पितळात मुक्ताला तपासणाऱ्या बाईंनीच दिला होता. गिरीजला पोचणं सोपं आहे, गिरीजमध्ये काही सापडणं अवघड. दोन्ही बाजूंना केळीच्या आणि नारळाच्या वाड्या, गल्ल्या सगळ्या सारख्या, आणि पाटी औषधालाही नाही. वाडीच्या तोंडाशी एक मावशी सुकेळी विकत होत्या. (ही वाळवलेली केळी घ्याच.) त्यांना विचारलं.

"शाला? सरल जावा. विहिरीपाशी उजवीकडं, मंग क्रूस लागंल, तिथना डावीकडं, दोन वाड्या सोडून आंबा हाय, त्याच्या मागं."

मी 'उजवीकडं' लक्षात ठेवलं, बाकी सोडून दिलं. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "बाबा, ही तीच विहीर आहे. मघाशीच उजवीकडे वळायचं होतं." मग क्रूस, डावीकडे, दोन वाड्या, आंबा, सगळं मागच्या सीटवरून कळत गेलं.

चार खोल्यांची शाळा. मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी फाईल उघडली. चित्रकलेची प्रमाणपत्रं वर, इस्पितळाचा कागद तळाशी. अंगवळणी पडलेलं तोंडून निघून गेलं, "मुक्ता, बाईंना तो कोंबड्याचा धडा..."

"नाही," मुक्ता म्हणाली. "बाई, मला वाचता येत नाही. मी पाठ केलंय."

मी केळीच्या घडांकडे बघू लागलो.

"बरं," बाई म्हणाल्या. "इथवर बाबांनी आणलं का?"

"मीच बाबांना आणलं."

बाईंनी तिला खडू दिला. मुक्तानं फरशीवर बोळिंजपासूनची सगळी वाट काढली. खणलेला रस्ता, वडापावची गाडी, दोन फॉर्मवाली खिडकी, आणि विहिरीभोवती माझी जादा फेरी. बाई खो खो हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आम्ही तोंडी परीक्षा घेतो. दहावीलाही अशा मुलांना जास्त वेळ आणि लेखनिक मिळतो. पण वाचन रोज करावं लागेल, हळूहळू. चमत्कार होत नाहीत इथे. एक सत्र बघू. आणि तुम्ही ते पाठ करून घेणं बंद करा."

मी मान डोलावली. अशी बोलणी खाऊन इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

घरी येऊन गिरीजच्या शाळेचा फॉर्म भरायला बसलो. 'आधीची शाळा सोडण्याचे कारण' या रकान्याशी ही म्हणाली, "घर बदललं असं लिहा." मी लिहिलं, 'मुलीला वाचता येत नाही.' मुक्तानं फॉर्म ओढून घेतला आणि त्या ओळीखाली बोट ठेवलं. या वेळी तालीम नव्हती. एकेक अक्षर अडत, मागे जात, पुन्हा पुढे येत होतं. चहा पार निवला. मी आणि ही ओठ घट्ट मिटून बसलो होतो. शेवटी ती ओळीच्या टोकाला पोचली.

"बाबा, एक शब्द राहिलाय," ती म्हणाली. "'अजून' लिहा."

मी वरच्या बाजूला, बारीक अक्षरात, 'अजून' घातलं.