पेठला मास्क आणायला जाताना आधी आळेफाटा

प्रवासवर्णन लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आधीच मान्य करते. मी जिथे गेले ते ठिकाण आमच्या खोडदपासून एका दिवसात जाऊन-येऊन होते आणि जे आणले ते बुटाच्या खोक्यात मावते. शिवाय शाळेत निबंधाला पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या मुली पुढे आयुष्यभर फार लांब वाक्ये लिहितात, अशी माझ्या भावाची तक्रार आहे. वाचकांनी क्षमा करावी. तरीही लिहिते, कारण स्कूबाचे पहिले साहित्य घ्यायला निघालेली आणि दुकानात तोंडातून शब्द न फुटणारी आणखी एखादी मुलगी कुठे तरी असेलच.

मी सागरी जीवशास्त्र शिकते. डिसेंबरात मालवणला स्कूबाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, प्रमाणपत्र मिळाले. पण भाड्याच्या मास्कमध्ये, म्हणजे डोळे आणि नाक झाकणाऱ्या त्या काचेत, दर वेळी पाणी शिरले. प्रशिक्षक खुणेने 'ठीक?' असे विचारत आणि मी नाकात अरबी समुद्र घेऊन 'ठीक' अशी खूण करी. 'ठीक नाही' ही खूणही शिकवली होती. ती करायला लाज वाटे.

मार्चमध्ये आमच्या विभागाची तुकडी प्रवाळांची पाहणी करायला जाणार होती. "बाकी सगळे भाड्याने मिळेल, मास्क मात्र स्वतःच्या चेहऱ्याला बसणारा आण," सरांनी सांगितले, "आणि येणार की नाही ते रविवारी सकाळपर्यंत कळव." मी मनाशी ठरवले, मास्क बसला तर होकार, नाही तर प्रयोगशाळेत शंखांना क्रमांक देत बसायचे. घरी हे कोणालाच सांगितले नव्हते.

शनिवारी सकाळी तात्यांच्या टेम्पोतून निघालो. तात्या माझे चुलते. विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी बुडी मारून दोराला बांधून देण्याबद्दल ते आसपासच्या गावांत प्रसिद्ध आहेत. निघताना आईने माझ्या कपाळावर खड्याची नवी टिकली लावली. मोकळ्या कपाळाने खरेदीला जाऊ नये, असे तिचे मत. मालवणला जातानाही तिने पाकीटभर दिल्या होत्या.

पेठ दक्षिणेला, नारायणगाव-मंचरच्या पुढे. म्हणून आम्ही आधी उत्तरेला आळेफाट्याला गेलो. तिथे तात्यांची एक मोटार वाइंडिंगला टाकलेली होती. वाचकांनी असे करू नये. खोडदहून सरळ नारायणगाव गाठावे आणि पुण्याकडे जाणारी एसटी पेठला थांबते का, हे कंडक्टरला आधी विचारावे. (मी विचारले नसते.) मात्र आळेफाट्याला गेलातच, तर मासवडी जरूर खावी. मासवडीत मासा नसतो. रस्सा इतका झणझणीत होता की मालवणनंतर प्रथमच माझ्या नाकातून तसे पाणी आले.

मोटार दुरुस्त करणाऱ्या गॅरेजवाल्याने तात्यांना विचारले, "पोरगी काय शिकती?"

"पाण्याखाली जाऊन मासं बघती."

"का? वरनं दिसत न्हाईत व्हय?"

"लाजाळू हाय राव. माणसांकडं बघवत न्हाय, म्हणून मासं."

मी मासवडीकडे बघत राहिले. पुढे पेठपर्यंत मोटार माझ्या पायांशी होती आणि माझे गुडघे हनुवटीशी.

पेठला नौदलातून निवृत्त झालेले एक काका घराच्या पुढच्या खोलीत हे साहित्य विकतात. मास्क निवडायची रीत सोपी आहे. पट्टा न लावता तो चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा आणि हात सोडायचा. बसणारा असेल तर चिकटून राहतो.

पहिला पडला. दुसरा, तिसरा, चौथाही पडला. सातवा तात्यांनी झेलला.

"चेहऱ्याची ठेवण जरा वेगळी आहे," काका गंभीरपणे म्हणाले.

"घराण्याचं तोंड हाय ते," तात्या म्हणाले. "बदलून न्हाय मिळायचं."

काकांनी सर्वांत महाग, आठवा मास्क काढला आणि म्हणाले, "हा पट्टा ओढून घट्ट केला की चालून जाईल." तो चालणार नाही, हे मला कळत होते. तरी माझी मान होकारार्थी हलू लागली होती. इतक्यात काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्याकडे पाहून थबकल्या.

"अहो, तिची टिकली काढायला सांगा की आधी! त्या खड्यावरच टेकतोय तुमचा मास्क, फटीतनं हवा जाती."



"नौदलात टिकली लावून कुणी आलं नव्हतं," काका म्हणाले.

टिकली काकूंच्या आरशाला चिकटवली आणि पहिलाच, सर्वांत साधा, अठराशे रुपयांचा मास्क पुन्हा लावला. हात सोडले. तात्यांनी खाली वाकून वर पाहिले.

"पडंना की राव!"

मला हसू आले आणि तो पडला. हसल्यावर गाल हलतात, त्यामुळे पडणारच, असे काकांनी समजावले. पाण्यात हसू नये.

मग उत्साहाने त्यांनी पायांत घालायचे पंख, हवेची नळी, घड्याळ आणि सुरी असे सारे मांडले. तात्या सुरीची धार बघू लागले.

"नको. मला फक्त मास्क हवा."

हे वाक्य मीच उच्चारले होते. ते इतके मोठ्याने निघाले, की काकूंच्या हातातली बशी खणकन वाजली. काका मात्र खूश झाले. "शहाणी आहेस. काचेला आतून टूथपेस्ट चोळ, नाही तर धुके धरेल."

गावी परतल्यावर उन्हे असतानाच मी आमच्या विहिरीत उतरले. कमरेच्या दोराचे टोक तात्यांच्या हातात होते. पाण्याखालच्या चौथ्या पायरीवर तात्यांची गेल्या वर्षी हरवलेली पक्कड स्पष्ट दिसली. ती घेऊन वर आले, तेव्हा मास्क आतून कोरडा होता. डिसेंबरभर मी ज्या चेहऱ्याला दोष देत होते, तो चेहरा निर्दोष होता.

मग तात्यांनीही मास्क लावून बुडी मारली आणि पाण्याने भरलेला मास्क घेऊन वर आले. मिशी आड येत होती.

"मिशी काय निघायची न्हाय," ते म्हणाले. "मासं तूच बघ."

घरी आईने माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले. मी सगळे सांगितले. तिने थोडा विचार केला, नवी टिकली काढली आणि मास्कच्या चौकटीवर बाहेरून, दोन काचांच्या मधोमध लावली.

"इथं चालंल?"

मी नीट तपासून पाहिले. चालणार नसती, तर या वेळी तसे सांगितले असते.

सरांना होकार कळवला. त्यापाठोपाठ हे लेखन छापायला पाठवले: रविवार, १६ फेब्रुवारी २०२५, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.