घट्ट काळजाची

कोरगावात आमच्या शेजारची बाई कुणाशी बोलताना हातातलं काम थांबवत नाही. मान खाली घालूनच उत्तर देते. यंदा तिची काजूची बाग वणव्यात होरपळली. लोक घरी भेटायला आले, "घट्ट काळजाची हो तू," म्हणून चहा पिऊन उठले. मीही बागेत जाऊन तेच म्हणालो.

जळक्या फांद्या तोडता तोडता ती म्हणाली, "आबा, घट्ट म्हटलां की तुमी घरी जावक मोकळे. पावसाआधी ह्या जळकां छाटलां नाय, तर झाडां फुटूची नाय."

मला राग आला. माझ्या वयाच्या माणसाला असं बोलायचं? तरी कोयता आणून कामाला लागलो. संध्याकाळपर्यंत तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. सकाळी पुन्हा गेलो, तर तिथेच राहिलेल्या माझ्या कोयत्याला तिने धार लावून ठेवली होती.